पुढचा मॅक कोणता? : अनुमानाचा एक छोटा इतिहास



आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की ज्यानं जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं त्यानं लॅपटॉपच्या मॉडेलांवर कशाला बोलायचं? कारण सांगतो. ॲपल कंपनीचा पुढचा लॅपटॉप कसा असेल, पुढचा डेस्कटॉप कधी येईल, कुठलं मॉडेल बंद पडेल, यावर जगभर असंख्य माणसं वर्षानुवर्षं अंदाज बांधत आली आहेत. त्यांची पद्धत बघितली तर ती इतिहासकाराचीच आहे. जुन्या तारखा मांडायच्या, त्यात काही संगती दिसते का बघायचं आणि त्यावरून पुढचं सांगायचं. फरक एवढाच, की राज्यांच्या आणि समाजाच्या भाकितांचा निकाल लागायला पिढ्या जातात, इथं तो वर्ष-दोन वर्षांत हातात येतो. म्हणजे अनुमान कधी टिकतं आणि कधी कोसळतं, हे तपासायला इतकी सोयीची प्रयोगशाळा दुसरी नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या अंदाजांच्या इतिहासात जिथं माणसांनी कारण शोधलं, तिथं ती बऱ्याचदा बरोबर आली. जिथं नुसती ठेवण बघितली आणि तिलाच कारण समजली, तिथं फसली. आता हे दाखवायला एक जुनं हत्यार घेऊ.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यांचे अर्थ टीकाकारांनी वेगवेगळे लावले, पण वात्स्यायनांची उदाहरणं आपल्याला पुरेशी आहेत. ढग भरून आले, म्हणजे पाऊस पडेल. हे कारणावरून कार्याचं अनुमान, पूर्ववत्. नदीला गढूळ पूर आलाय, म्हणजे वर कुठंतरी पाऊस झालाय. हे कार्यावरून कारणाचं, शेषवत्. आणि तिसरं : एखादी वस्तू आधी इथं दिसली आणि नंतर तिथं दिसली तर ती हलली असणार, हा आपला सर्वसाधारण अनुभव. सूर्यही सकाळी एका जागी आणि संध्याकाळी दुसऱ्या जागी दिसतो, म्हणून तोही चालतो. हे सामान्यतोदृष्ट. हे तिसरं उदाहरण लक्षात ठेवा. सूर्याच्या चालीबद्दल पुढं काय झालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

रिकामा चौकोन

१९९७ सालची ॲपल आठवा. कंपनीला त्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता. परफॉर्मा, क्वाड्रा, सेंट्रिस, पॉवर मॅक अशी घराणी आणि त्यांच्यापुढं आकडे असा कारभार कित्येक वर्षं चाललेला. कुठलं मॉडेल कुणासाठी आहे, हे दुकानदारालाही सांगता येत नसे. स्टीव्ह जॉब्ज त्याच वर्षी परत आले आणि त्यांनी ही सगळी यादी कापून काढली. मग त्यांनी मांडला तो प्रसिद्ध चार चौकोनांचा तक्ता. एका बाजूला घरगुती आणि व्यावसायिक, दुसऱ्या बाजूला टेबलावरचा आणि हातातला. चार चौकोन, चार संगणक.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये आयमॅक विक्रीला आला, तेव्हा तीन चौकोन भरले. चौथा, घरगुती लॅपटॉपचा, रिकामा राहिला. तिथं काय येणार याचे अंदाज सुरू झाले आणि जुलै १९९९ मध्ये आयबुक आलं.

यावरून मेंडेलीव्ह आठवतो. त्यानं मूलद्रव्यांची सारणी मांडली, तेव्हा काही जागा रिकाम्या राहिल्या. तिथं अजून न सापडलेली मूलद्रव्यं असणार असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं, आणि त्यांना नावं देताना त्यानं चक्क आपला ‘एक’ वापरला : एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. एक म्हणजे त्या मूलद्रव्याच्या पुढचं एक घर. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, १८८६ मध्ये जर्मेनियम, आणि दोन्ही त्याच्या रिकाम्या घरांत जाऊन बसली.

मग जॉब्जची सारणी आणि मेंडेलीव्हची सारणी सारखीच झाली का? नाही. मेंडेलीव्हची सारणी निसर्गानं पाळायची होती, त्यानं स्वतः नाही. जॉब्जची सारणी ज्यानं मांडली त्याच्याच मर्जीवर होती. जुलै २००० मध्ये त्यांनी पॉवर मॅक जी४ क्यूब आणला. पारदर्शक आवरणातला, पंखा नसलेला देखणा ठोकळा, किंमत १७९९ डॉलर. तो चारांपैकी कुठल्याच चौकोनात बसेना. व्यावसायिकांना त्यात विस्ताराला जागा कमी पडे आणि घरगुती गिऱ्हाइकाला किंमत जास्त वाटे. जुलै २००१ मध्ये कंपनीनं तो थांबवला. मुद्दा असा, की चार चौकोनांवरून पुढचा अंदाज बांधणाऱ्या कुणालाही क्यूब दिसला नसता. ठेवण खरी होती, पण ती नियम नव्हती. ते एका माणसाचं धोरण होतं आणि धोरण बदलता येतं.

ढग आले, पाऊस नाही

आता पूर्ववत् अनुमान बघू. जून २००३ मध्ये पॉवर मॅक जी५ जाहीर झाला. आयबीएमची चिप, २ गिगाहर्ट्झपर्यंत वेग. जॉब्जनी व्यासपीठावरून सांगितलं, की बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झ येईल. आता यापेक्षा मोठा ढग कुठला? कंपनीच्या प्रमुखाचा शब्द. त्यावर लोकांनी दुसरं अनुमान चढवलं : डेस्कटॉपला जी५ मिळाला, आता लॅपटॉपलाही मिळणार. पॉवरबुक जी५ पुढच्या महिन्यात येणार, पुढच्या सहामाहीत येणार, ही चर्चा दोन वर्षं चालली.

तो कधीच आला नाही. २००४ मध्ये डेस्कटॉप २.५ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला, आणि त्या मॉडेलला थंड ठेवायला आत द्रव खेळवावा लागला. ज्या चिपला टेबलावरच्या भल्यामोठ्या पेटीत गार करायला एवढी यातायात, ती इंचभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये, बॅटरीवर, मांडीवर कशी चालणार?

न्यायपरंपरेत याला सुंदर शब्द आहे : उपाधी. ‘जिथं धूर तिथं अग्नी’ हे चालतं. पण ‘जिथं अग्नी तिथं धूर’ हे चालत नाही, कारण मध्ये एक लपलेली अट आहे : ओलं सरपण. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ‘डेस्कटॉपला नवी चिप आली की लॅपटॉपला येते’ या व्याप्तीतही अशीच उपाधी लपली होती : चिप कमी विजेवर आणि कमी उष्णतेवर चालली पाहिजे. वर्षानुवर्षं ती अट आपोआप पुरी होत होती, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

६ जून २००५ ला जॉब्जनी इंटेलकडे जात असल्याचं जाहीर केलं. कारण सांगितलं ते हेच : दर वॉटमागं मिळणारी कामगिरी. ज्यांनी दोन वर्षं उष्णतेचा हिशेब ठेवला होता, त्यांना ते समजायला फार वेळ लागला नाही. जे तारखांचे तक्ते मांडून बसले होते, त्यांना धक्का बसला.

नदीचा पूर

याच घोषणेत दुसरी गोष्ट बाहेर आली. मॅकची नवी कार्यप्रणाली गेली पाच वर्षं गुपचूप इंटेलच्या चिपांवरही चालवून बघितली जात होती. ‘मार्कलार’ या गुप्त नावानं चाललेल्या अशा कामाची बातमी २००२ मध्येच छापून आली होती. तेव्हा बऱ्याच जणांनी ती सोडून दिली, पण नदीचं पाणी गढूळ झालं होतं.

शेषवत् अनुमानाचं सगळ्यांत चांगलं उदाहरण मात्र पुढचं आहे. २००८ मध्ये ॲपलनं पी. ए. सेमी नावाची चिपांची रचना करणारी छोटी कंपनी विकत घेतली. २०१० मध्ये पहिल्या आयपॅडमध्ये ए४ चिप आली. २०१३ मध्ये आयफोनमध्ये ६४ बिटांची ए७ आली. फोनला तेव्हा त्याची निकड होती का, असा प्रश्न पुष्कळांनी विचारला. २०१८ च्या अखेरीस आलेला आयपॅड प्रो त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपांपेक्षा वेगवान असल्याचं ॲपलच सांगत होती. आता या पाण्यावरून वरच्या पावसाचं अनुमान करणं अवघड नव्हतं : ही तयारी फोनपुरती नाही. एप्रिल २०१८ मध्ये ब्लूमबर्गनं बातमी दिली, की ॲपल २०२० पासून मॅकमध्ये स्वतःच्या चिपा घालणार. जून २०२० मध्ये घोषणा झाली आणि नोव्हेंबरमध्ये एम१ चिप असलेले तीन मॅक आले.

बघा, इथं अंदाज का टिकला? कुणाला तारखांची लय सापडली म्हणून नव्हे. कारणांची साखळी दिसत होती. पैसे कुठं खर्च होतायत, माणसं कशावर काम करतायत, चिपेची ताकद कुठवर पोचली आहे, हे कार्य दिसत होतं आणि त्यावरून हेतू कळत होता.

सूर्याची चाल

आता तिसरा प्रकार, जो आज सगळ्यांत जास्त चालतो. एम१ आली नोव्हेंबर २०२० मध्ये, एम२ जून २०२२ मध्ये. मधे एकोणीस महिने. म्हणून लोकांनी दीड वर्षाचं चक्र ठरवलं. एम३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, म्हणजे सोळा महिन्यांनी. चक्र साधारण जमलं, सगळे खूश. मग एम४ आली मे २०२४ मध्ये, अवघ्या सात महिन्यांत, आणि तीही मॅकमध्ये नाही तर आयपॅडमध्ये! एम५ पुन्हा सतरा महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये.

त्याहून मजेदार गोष्ट ‘अल्ट्रा’ चिपेची. पहिल्या दोन पिढ्यांत साधी, प्रो, मॅक्स आणि शेवटी अल्ट्रा असा क्रम लागला. एम३ च्या पिढीत अल्ट्रा दिसली नाही आणि पुढची पिढी सुरू झाली, तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं, की आता येईल ती एम४ अल्ट्रा. मार्च २०२५ मध्ये नवा मॅक स्टुडिओ आला. त्यात एक पर्याय एम४ मॅक्सचा आणि त्याहून वरचा पर्याय एम३ अल्ट्राचा. जुन्या पिढीची चिप नव्या पिढीच्या डोक्यावर बसलेली. क्रमाचं सुंदर चित्र काढलं होतं, ते पुसावं लागलं.

आपल्याकडे पंचांगात पावसाच्या नक्षत्राला वाहन असतं. यंदा मृगाचं वाहन बेडूक, म्हणजे पाऊस चांगला. पाऊस झाला की बेडकाला श्रेय, नाही झाला की आपण बेडूक विसरतो. महिन्यांची अंतरं मोजून केलेले अंदाज बरेचसे या जातीचे असतात. एक चिप तयार होण्यामागं कारखान्यातली प्रक्रिया, तिचं उत्पन्न, फोनसाठी राखून ठेवलेली क्षमता अशी कितीतरी कारणं असतात. त्यांतलं एक हललं की चक्र मोडतं. चक्र मोडलं यात नवल नाही. ते दोनदा जुळलं म्हणून आपण त्याला नियम म्हटलं, यात नवल आहे.

भाकित ऐकणारी वस्तू

इथपर्यंत आपण धरून चाललो, की आपण अंदाज करतो आणि वस्तू स्वस्थ बसून असते. पण ढगाला हवामानाचा अंदाज ऐकू येत नाही. गिऱ्हाइकाला आणि कंपनीला येतो.

ॲडम ऑस्बर्न हे नाव नव्या पिढीला फारसं माहीत नाही. त्यांचं बालपण तमिळनाडूत गेलं. वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे चरित्रकार. या ॲडम ऑस्बर्ननं १९८१ मध्ये ऑस्बर्न १ हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा, किंमत १७९५ डॉलर. तो धडाक्यानं खपला. मग १९८३ मध्ये पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलांची चर्चा कंपनीनंच आधी सुरू केली. लोक म्हणाले, थांबू या. जुन्याची मागणी आटली, माल पडून राहिला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. याला ‘ऑस्बर्न परिणाम’ असं नावच पडलं.

इतिहास म्हणून इथं एक सावधगिरी हवी. त्याच किमतीत मोठा पडदा देणारा केप्रो तेव्हा बाजारात होता, आयबीएमशी जुळणारे कॉम्पॅकसारखे संगणक येत होते. त्यामुळे सगळं खापर एका घोषणेवर फोडणं सोपं आहे, पुरेसं नाही. तरी उद्योगानं धडा घेतला तो हाच : पुढचं बोलायचं नाही.

कार्ल पॉपर यांनी ‘द पॉव्हर्टी ऑफ हिस्टॉरिसिझम’मध्ये भाकिताच्या या प्रभावाला ईडिपसचं नाव दिलं. ग्रीक कथेत बाप भाकित ऐकतो, ते टाळायला मुलाला टाकून देतो आणि नेमकं त्यामुळेच ते खरं होतं. भाकित घटनेला घडवतंही आणि थांबवतंही. ऑस्बर्न परिणाम हा ईडिपसचा बाजारातला अवतार म्हणायला हरकत नाही.

ॲपलच्या गुप्ततेचं एक मूळ इथं आहे. डिसेंबर २००४ मध्ये ‘थिंक सीक्रेट’ या संकेतस्थळानं ४९९ डॉलरचा, पडद्याशिवायचा मॅक येणार असल्याची बातमी दिली होती. ॲपलनं त्या संकेतस्थळावर दावा ठोकला, आणि आठवड्याभरातच ४९९ डॉलरचा मॅक मिनी जाहीरही केला. बातमी खोटी म्हणून खटला नव्हता, खरी म्हणून होता. पुढं २००७ मध्ये तडजोड होऊन ते संकेतस्थळ बंद पडलं.

मग २००५ आणि २०२० मध्ये चिप बदलण्याची घोषणा ॲपलनं महिनोन् महिने आधी कशी केली? कारण तिथं बाहेरच्या हजारो विकासकांना आपापल्या प्रणाली नव्यानं तयार करायच्या होत्या. जिथं दुसऱ्याच्या हातचं काम लागतं, तिथं गुपित राखता येत नाही. ही खूण अंदाज बांधणाऱ्यांनी गाठीला बांधावी.

करणाऱ्यालाही ठाऊक नसतं

आपण समजतो की गुपित कुलपात आहे. आतल्या माणसाला विचारलं की कळेल. २०१३ मध्ये ॲपलनं काळ्या दंडगोलासारखा मॅक प्रो दाखवला. त्यामागं एक भाकित होतं, खुद्द कंपनीचं : यापुढं चित्रफितींचं आणि आलेखांचं जड काम दोन ग्राफिक चिपांत वाटून होईल. जग दुसरीकडे गेलं. एकच मोठी, जास्त तापणारी चिप लागायला लागली, आणि त्या दंडगोलाच्या रचनेत तेवढी उष्णता बाहेर काढायची सोय नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी निवडक पत्रकारांना बोलावून हे मान्य केलं आणि नवा मॅक प्रो तयार करत असल्याचं सांगितलं. तो आला डिसेंबर २०१९ मध्ये. सहा वर्षं! या सहा वर्षांत ज्यांचं पोट त्या यंत्रावर होतं, असे चित्रपट संकलक, संगीतकार, रचनाकार थांबून राहिले. काहींनी कंटाळून दुसरी वाट धरली.

इथं पॉपरचा मुख्य युक्तिवाद कामाला येतो. मानवी इतिहास ज्ञानाच्या वाढीनं घडतो, आणि उद्या मिळणारं ज्ञान आज सांगता येत नाही. सांगता आलं तर ते आजचंच झालं. म्हणून इतिहासाचं भाकित शास्त्रीय अर्थानं शक्य नाही. कुलूप फोडलं तरी आत उद्याचा मॅक नसतो, फक्त आजचा बेत असतो.

मग काय सांगता येतं?

थोडं नक्की सांगता येतं. ॲपलनं जून २०२५ मध्ये सांगितलं, की टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. म्हणजे तो अध्याय संपला. लॅपटॉपच्या बॅटरीचं म्हणाल, तर विमानातून परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे, आणि १६ इंची मॅकबुक प्रो केव्हाच त्या कडेला जाऊन टेकला आहे. म्हणजे यापुढं त्यात जास्त तास हवे असतील तर ते मोठ्या बॅटरीतून येणार नाहीत, काटकसरी चिप आणि पडद्यातूनच यायला हवेत. युरोपीय संघाचा समान चार्जरचा नियम एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपांना लागू, म्हणजे यूएसबी-सी सुटत नाही. ही अनुमानं बांधताना मी महिने मोजले नाहीत. भौतिकी, कायदा आणि दिलेला शब्द, एवढंच बघितलं.

पण कुठलं मॉडेल राहील, कुठलं जाईल, स्पर्शाचा पडदा येईल का, मोठा आयमॅक परत येईल का, हे धोरणाचे प्रश्न आहेत. तिथं तुमचा माझा अंदाज म्हणजे इच्छा. इच्छा जरूर असावी, पण तिला अनुमान म्हणू नये.

आता तुमच्यापैकी कुणीतरी नक्की विचारणार, की सर, मग आता घ्यावा की थांबावं? पैसे साठवून मुलीसाठी लॅपटॉप घेणाऱ्या घरात हा प्रश्न थट्टेचा नसतो. माझं उत्तर असं : थांबण्याचं कारण तुमच्या कामात असेल तर थांबा. उद्याची परीक्षा, हातातला प्रबंध, मिळालेलं काम जर आजच्या यंत्रावर होत असेल, तर न आलेल्या मॉडेलासाठी ते अडवू नका. जी५ पॉवरबुकची वाट बघणाऱ्यांची दोन वर्षं गेली, मॅक प्रोची वाट बघणाऱ्यांची सहा. पुढचं मॉडेल आलं, की त्याच्याही पुढच्याची चर्चा त्याच दिवशी सुरू होते, म्हणजे वाट बघण्याला शेवट नाही. आणि कुणी छातीठोक अंदाज सांगितला, तर त्याला एकच विचारा : हे कशावरून? उत्तरात कारण आलं तर ऐका. नुसत्या तारखा आल्या तर चहा पाजून सोडून द्या.

आता प्रश्न घेऊ या.